कांदा बाजार व हवामान

कांदा बाजार व हवामान : ताज्या शेतमालाची बाजारातील आवक आणि त्याचे घाऊक भाव यांवर पाऊस, उष्णता, थंडी, आर्द्रता व गारपीट या घटकांचा जो परिणाम होतो, त्याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कांद्याचा बाजार होय. पालेभाज्यांवर हवामानाचा परिणाम काही दिवसांत दिसतो व काही आठवड्यांत ओसरतो. धान्याच्या बाबतीत तो साठ्यांमुळे सौम्य होतो. कांदा या दोहोंच्या मध्ये येतो. तो काही महिने टिकतो पण वर्षभर टिकत नाही. त्यामुळे मार्चमधील गारपिटीचे परिणाम ऑक्टोबरच्या भावात उमटतात, आणि ऑक्टोबरमधील अतिवृष्टीचे परिणाम डिसेंबरच्या भावात. कांद्याच्या उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वाधिक, सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक, असल्याने नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे व सोलापूर या जिल्ह्यांतील हवामान हे साऱ्या देशाच्या भाववाढीचे व कधीकधी राजकारणाचेही कारण ठरत आले आहे.

पिकाचे हंगाम : महाराष्ट्रात कांद्याची तीन पिके घेतली जातात. खरीप पिकाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते व माल ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात निघतो. नाशिक भागात यास पोळ किंवा लाल कांदा म्हणतात. रांगडा म्हणजे उशिरा खरीपाचा कांदा जानेवारी ते मार्च या काळात येतो. रब्बी पिकाची लागण डिसेंबर-जानेवारीत होऊन काढणी मार्चअखेर ते मेपर्यंत चालते. हा उन्हाळ कांदा होय. देशातील एकूण उत्पादनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग रब्बीचा असतो आणि साठवणुकीस योग्य असा कांदाही मुख्यतः तोच. लाल व रांगडा कांदा फार टिकत नाही. तो काढला की विकावा लागतो. साहजिकच जूनपासून नवा लाल कांदा येईपर्यंत बाजाराची भिस्त चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यावर असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा टंचाईचा काळ. बहुतेक सर्व मोठ्या भाववाढींचे मूळ किंवा कळस याच काळात आढळतो, हा योगायोग नव्हे.

हवामानाचे पिकावरील परिणाम : कांद्याच्या मुळ्या उथळ असतात व त्या पाणी साचलेल्या जमिनीत लवकर कुजतात. जून-जुलैमध्ये मुसळधार पाऊस झाल्यास गादीवाफ्यांवरील रोपेच नष्ट होतात, लागण लांबते व लाल कांदा बाजारात तीन-चार आठवडे उशिरा येतो. पावसाळी दमट हवेत पीळ पडण्याचा रोग व करपा बळावतो. हिवाळ्यात ढगाळ हवामान व धुके राहिल्यास जांभळा करपा आणि फुलकिडे यांचा उपद्रव वाढतो. थंडी लांबल्यास कांद्यास डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे येतात व कांदा पोकळ राहतो. याउलट फेब्रुवारीतच उष्णता वाढली, तर पात लवकर सुकते, कांदा पुरेसा पोसत नाही आणि तो अकाली पक्व होऊन एकाच वेळी बाजारात लोटतो. काढणीच्या सुमारास पडलेला अवकाळी पाऊस सर्वांत घातक होय. त्याने उत्पादन थोडेच घटले, तरी भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. अशा वेळी पीकपाण्याच्या अंदाजात उत्पादन भरपूर दिसते, पण त्यातील किती माल सप्टेंबरपर्यंत उरेल हे त्या आकड्यांवरून कळत नाही. भावाचा अंदाज चुकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

साठवण : कांदा चाळ ही जमिनीपासून उंचावलेली, तळातून व बाजूंनी हवा खेळणारी रचना असते. कांदा शून्य ते दोन अंश सेल्सियस तापमानात किंवा पंचवीस ते तीस अंशांच्या उबदार पण कोरड्या हवेत टिकतो. दहा ते वीस अंशांच्या दरम्यान त्यास लवकर मोड येतात. चाळीतील साठवण दुसऱ्या तत्त्वावर अवलंबून असल्याने उन्हाळ्यात वजन घटते, पावसाळ्यातील आर्द्रतेने सड वाढते आणि पावसाळा संपून रात्री थंड होऊ लागल्या की मोड फुटतात. चार-पाच महिन्यांत तीस ते चाळीस टक्के घट येणे नेहमीचे आहे. या घटीचा भावाशी थेट संबंध आहे. शंभर क्विंटल कांद्यापैकी पस्तीस क्विंटल गेल्यास, काढणीच्या वेळी क्विंटलला १,००० रुपये भाव असेल तर पुढे सुमारे १,५४० रुपये मिळाल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती तेवढीच रक्कमही पडत नाही. चाळीचा खर्च, मजुरी व व्याज वेगळेच. सप्टेंबरमधील चढा भाव म्हणजे सर्वस्वी नफा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

मोड रोखण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने लासलगाव येथे २००२ मध्ये गॅमा किरणांनी प्रक्रिया करणारे ‘कृषक’ हे केंद्र उभारण्यात आले. किरणांनी मोड थांबतात, परंतु सड व वजनातील घट थांबत नाही. त्यामुळे कांद्यासाठी या केंद्राचा उपयोग मर्यादितच राहिला. २००७ पासून अमेरिकेस निर्यात होणाऱ्या आंब्यांवरील प्रक्रियेसाठी मात्र ते विशेष उपयोगी पडले.

बाजाराची घडण : थळ घाटातून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तोपर्यंत नाशवंत शेतमालाचा बाजार बैलगाडीच्या टप्प्यापुरता मर्यादित होता. अवर्षण किंवा अतिवृष्टी झाली की एका तालुक्यात टंचाई व शेजारच्या तालुक्यात मंदी, अशी स्थिती संभवे. रेल्वेने हे तुटक बाजार जोडले. लोहमार्गालगतच्या लासलगाव, निफाड व मनमाड या गावांना व्यापारी महत्त्व आले. मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट व पुण्यात १८८६ मध्ये रे मार्केट (आताची महात्मा फुले मंडई) ही भाजीपाल्याची मोठी पेठ झाली. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात शहरात भाजीपाला आणणाऱ्या शेतकऱ्यावर जकात व दलाली यांचा पडणारा भार वर्णिला आहे. शेतात आलेले चांगले पीक म्हणजे हाती आलेले चांगले उत्पन्न नव्हे, ही जाणीव त्या काळापासूनची आहे.

मुंबई प्रांतात १९३९ च्या कायद्याने नियंत्रित बाजारांचा पाया घातला गेला. लासलगावची बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा आहे. उघडा लिलाव, प्रमाणित वजनमाप आणि व्यवहाराची नोंद हे या व्यवस्थेचे तीन आधार होत. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चाकण, सोलापूर या ठिकाणी रोज जाहीर होणारे किमान, कमाल व सरासरी भाव देशभरच्या व्यापाऱ्यांना मार्गदर्शक ठरू लागले. मुंबईतील कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये तुर्भे (नवी मुंबई) येथे हलविण्यात आला.

संशोधनाचाही या घडणीत वाटा आहे. निफाडच्या केंद्रात निवड पद्धतीने निघालेला एन-५३ हा वाण खरीपासाठी व एन-२-४-१ हा रब्बीसाठी रूढ झाला. खरीपाचा भरवशाचा वाण मिळाल्याने टंचाईचा काळ काहीसा आखूड झाला. तथापि कांद्याचे एक मोठे पीक ऐन पावसाळ्याच्या हवाली झाले आणि बाजाराचे मोसमी पावसावरील अवलंबन वाढले.

भावाचे गणित : पुरवठ्यात थोडी घट झाली असता भाव त्याच्या कितीतरी पट वाढतो, हे निरीक्षण जुने आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हनंट याने १६९९ मध्ये ग्रेगरी किंगच्या नावाशी निगडित असलेले एक कोष्टक प्रसिद्ध केले. त्यानुसार धान्याचे पीक एकदशांशाने घटल्यास भाव तीनदशांशाने आणि निम्म्याने घटल्यास साडेचार पटींनी वाढतो. कोष्टक धान्याचे असले, तरी तत्त्व कांद्यास लागू पडते. स्वयंपाकात कांद्याला सोयीस्कर पर्याय नसल्याने भाव वाढला तरी मागणी फारशी घटत नाही, आणि भाव पडला तरी कोणी दुप्पट कांदा खात नाही. म्हणून थोड्या टंचाईने भाव उसळतो व थोड्या मुबलकतेने तो कोसळतो.

यात काळाचे अंतर मिसळते. या वर्षीच्या भावावरून शेतकरी पुढील हंगामाची लागण ठरवतो, पण माल येतो चार महिन्यांनी. चढ्या भावानंतर लागण वाढते, मग मंदी. मंदीनंतर लागण घटते, मग तेजी. अर्थशास्त्रात यास कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. मॉर्डेकाई इझिकिएल याने १९३८ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. कांद्याच्या बाबतीत हवामान या चक्राला मधूनच धक्का देते. मुळात कमी लागण झालेल्या वर्षी अतिवृष्टी झाली, तर तेजी भयंकर होते. भरघोस लागणीच्या वर्षी तेवढाच पाऊस झाला, तरी भाव जागचे हलत नाहीत.

दैनंदिन बाजारात पावसाचा परिणाम आणखी जलद असतो. दोन दिवस झड लागली की काढणी थांबते, चिखलामुळे वाहने शेतातून निघत नाहीत, ओला माल गोणीत भरता येत नाही. आवक एकदम घटते व लिलावात बोली चढते. ऊन पडताच अडून राहिलेला सारा माल एकदम येतो व भाव खाली येतो. कर्नाटकातील किंवा आंध्र प्रदेशातील कुर्नूल भागाच्या खरीप कांद्यास पावसाचा फटका बसल्याची वार्ता आली, तरी नाशिकचे भाव त्याच दिवशी हलतात. येथे प्रत्यक्ष टंचाईइतकेच टंचाईच्या अपेक्षेला महत्त्व असते. मोठे खरेदीदार थोडे असल्याने ही अपेक्षा कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्नही उपस्थित होतो. डिसेंबर २०१० च्या भाववाढीनंतर भारतीय स्पर्धा आयोगासाठी झालेल्या अभ्यासात नाशिक भागातील बाजारांत मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती मोठा वाटा असल्याचे दिसून आले.

प्रमुख चढउतार : १९७९ हे देशभर तीव्र अवर्षणाचे वर्ष होते. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याची भाववाढ हा प्रचाराचा विषय झाला आणि कांद्याला राजकीय महत्त्व आले. त्याच सुमारास उत्पादकांची बाजूही प्रथमच संघटितपणे पुढे आली. शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी चाकण येथे कांद्याच्या रास्त भावासाठी आंदोलन केले. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ऊस व कांदा यांच्या भावासाठी मोठे ‘रास्ता रोको’ आंदोलन केले. ग्राहकाला कांदा महाग झाला की सरकार धावते, मात्र तो मातीमोल झाला की कोणी धावत नाही, हा या आंदोलनांचा मुख्य आक्षेप होता. नंतरच्या चार दशकांत तो वारंवार मांडला गेला.

१९९८ मध्ये अवकाळी पावसाने रब्बीचा साठा व पुढे खरीपाचे पीक या दोहोंना झळ पोहोचली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत किरकोळ भाव किलोस चाळीस-पन्नास रुपयांपर्यंत गेला, निर्यातबंदी लागू झाली व आयात करावी लागली. नोव्हेंबरमधील निवडणुकांत दिल्ली व राजस्थान येथील सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला. त्याच्या कारणांत कांद्याची गणना सर्वत्र झाली. २०१० मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने महाराष्ट्रातील लाल कांदा नासला. डिसेंबरात दिल्लीत भाव किलोस ऐंशी रुपयांवर गेला व पाकिस्तानातून वाघा मार्गे कांदा आणण्यात आला. २०१३ मधील भाववाढीमागे आदल्या वर्षीच्या महाराष्ट्रातील दुष्काळाची छाया होती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत गारपीट होऊन रब्बी पिकाची मोठी हानी झाली.

२०१९ मध्ये मोसमी पाऊस परतण्यास ९ ऑक्टोबर उजाडला. नोंदींच्या इतिहासात इतका उशीर पूर्वी झाला नव्हता. खरीपाचे पीक शेतातच सडले. डिसेंबरात अनेक शहरांत कांदा किलोस शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि ईजिप्त व तुर्कस्तान येथून आयात झाली.

याच्या नेमके उलट चित्र २०२३ च्या आरंभी दिसले. फेब्रुवारी अतिशय उष्ण ठरल्याने रांगडा कांदा लवकर पक्व झाला व बाजारात एकाच वेळी आला. भाव क्विंटलला काहीशे रुपयांवर कोसळले. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्यास वाहतूक, हमाली व तोलाई वजा जाता दोन रुपयांचा धनादेश मिळाला. खर्च वजा जाता शेतकऱ्याकडेच देणे निघते, अशा हिशेबास बाजारात ‘उलटी पट्टी’ म्हणतात. राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये, प्रत्येकी २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खरीपाची चिंता वाढली व काही महिन्यांत बाजार मंदीकडून तेजीकडे वळला.

हवामान हे एकमेव कारण नसते, हे २०२५ ने दाखवून दिले. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला, मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला व काढणीस आलेला आणि उघड्यावरील उन्हाळ कांदा भिजला. तरीही आधीच्या वर्षाच्या चढ्या भावामुळे वाढलेली लागण व मुबलक रब्बी उत्पादन यांमुळे भाव त्या पावसाळ्यातही मंदच राहिले. पीक गेलेल्या शेतकऱ्यास या वेळी चढ्या भावाचाही दिलासा मिळाला नाही.

शासकीय उपाय : १९७० च्या दशकापासून कांद्याची निर्यात प्रामुख्याने नाफेडमार्फत (स्थापना १९५८) होई; पुढे अन्य संस्थांनाही परवानगी मिळाली. निर्यातबंदी, किमान निर्यातमूल्य, निर्यातशुल्क व साठामर्यादा ही नियंत्रणाची चार साधने होत. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० व डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागू झाली आणि अनुक्रमे मार्च २०२०, जानेवारी २०२१ व मे २०२४ मध्ये ती उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये लावलेले चाळीस टक्के निर्यातशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये निम्मे व १ एप्रिल २०२५ पासून रद्द करण्यात आले. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्यांस २५ टन व किरकोळ विक्रेत्यांस २ टन अशी साठामर्यादा घातली गेली.

या उपायांत एक मूलभूत अडचण आहे. बंदीचा निर्णय टंचाईच्या काळात होतो आणि तिचा परिणाम पुष्कळदा नव्या पिकाच्या आवकेवर पडतो. पावसात आधीच्या पिकाची हानी सोसलेला शेतकरी नवा माल घेऊन येतो, तेव्हा परदेशी बाजार बंद असतो. बांगलादेशासारखे नेहमीचे ग्राहक अन्य देशांकडे वळतात व ते परत मिळविणे कठीण जाते. दुसऱ्या बाजूस, मजुरीवर जगणाऱ्या शहरी कुटुंबाला शंभर रुपये किलोचा कांदा परवडत नाही, हेही तितकेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासानुसार ग्राहक कांद्यासाठी देत असलेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसे उत्पादकास मिळतात. म्हणजे ग्राहकाचे नुकसान व उत्पादकाचा लाभ यांचे प्रमाण समान नसते.

भावस्थिरीकरण निधीतून नाफेड व राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ हे रब्बी हंगामात कांदा खरेदी करून टंचाईच्या काळात विकतात. २०२३ मध्ये या राखीव साठ्याचे उद्दिष्ट तीन लाखांवरून पाच लाख टनांपर्यंत वाढविण्यात आले. देशाच्या खपाच्या मानाने हे प्रमाण अल्प असून साठ्यात चाळीतील घटही येतेच. टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्या पुरवठा साखळीसाठी २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना मांडण्यात आली. नाशवंत मालाच्या वाहतुकीसाठी पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरकडे निघाली.

दीर्घकालीन उपायांत पावसास तोंड देणारे खरीप वाण, गादीवाफे व ठिबक सिंचन, सुधारित चाळी, तापमान-आर्द्रता नियंत्रित साठवण आणि निर्जलीकरण यांचा समावेश होतो. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय वाण व साठवण या विषयांवर कार्य करते. हंगामाच्या आरंभी लागणीचे खरे क्षेत्र आणि काढणीच्या वेळी मालाची टिकण्याची क्षमता यांचा विश्वसनीय अंदाज उपलब्ध झाल्यास निर्यातीविषयीचे निर्णय ऐन टंचाईत न घेता आधी जाहीर करता येतील. पाऊस कोणाच्या हाती नाही. त्याचा भार उत्पादक व ग्राहक यांच्यात कसा वाटला जावा, हे मात्र धोरणाने ठरते.